अवस्था वर, चूल खाली

एखाद्या बऱ्या माणसाचा पुरता गाढव करायचा असेल, तर त्याच्या हातात एक जाड पुस्तक द्यावं आणि घरात त्याला उलट बोलणारं कुणी ठेवू नये. आमच्या तात्यांना ही दोन्ही सुखं एकाच वेळी मिळाली होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. कोल्हापुरात पेठेतल्या एका बोळात त्यांचं चिंचोळं दुमजली घर होतं आणि पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात हायस्कूलवर इंग्रजी शिकवायला ते रोज एसटीनं जात. आमच्या चंदगडच्या मुलखात पावसाखेरीज काही भरपूर मिळत नाही, शिक्षण तर नाहीच, असं माझ्या वडिलांचं मत. म्हणून सातवी झाल्यावर त्यांनी मला पत्र्याची पेटी आणि काजूची एक पिशवी ह्यांच्यासह तात्यांच्या दारात नेऊन उभं केलं. "पोरगी फाडफाड इंग्रजी बोलाय पायजे, दादा," एवढं म्हणाले आणि परतीची गाडी गाठायला पळाले. मी तिथं तीन वर्षं राहिले. परत गेले तेव्हा दिवाळखोरी, वैधव्य, मनःशांती आणि अंगाला सुटलेली खाज ह्या सगळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं. 'खिडकी लावा' म्हणता येत नव्हतं.

ह्याला कारण तात्यांचा सिद्धांत. प्रत्येक निरुपयोगी माणसाचा एक सिद्धांत असतो, आणि तो जितका निरुपयोगी तितका सिद्धांत मोठा. तात्या म्हणत, वस्तूंची नावं शिकण्यात अक्कल लागत नाही. टेबल म्हणजे टेबल, ते हमालालाही येतं. क्रियापदं म्हणजे नुसती पळापळ. भाषेचा खरा गाभा म्हणजे अवस्था. माणूस काय करतो ते सोडा, तो कोणत्या स्थितीत आहे ते सांगा! त्यांच्याकडं खाकी कापडात बांधलेला एक इंग्रजी कोश होता, उशीइतका जाड. ज्या शब्दाचा अर्थ 'द स्टेट ऑर कंडिशन ऑफ बीइंग' असा सुरू होतो, तेवढ्या शब्दांखाली तात्यांनी तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. बाकीचे हजारो शब्द त्यांच्या लेखी प्रजा होते, आणि हे तांबड्या रेघेचे तीनशेएक दरबारी. चहाच्या गाड्यावर उभं राहून ते हा हिशेब लोकांना ऐकवत. लोक ऐकतही. कोल्हापुरात माणूस दांडगाईनं बोलला की लोक आधी मान डोलावतात, मग विचार करतात, आणि बहुतेक वेळा दुसरं राहूनच जातं.

ह्या सिद्धांतातून आमच्या घरात एक रीत निघाली. रात्रीच्या जेवणाला ताटं मांडली, की पहिला घास घेण्याआधी प्रत्येकानं आपली आजची अवस्था इंग्रजीत सांगायची. एक शब्द आणि त्याचा अर्थ. अर्थाची सुरुवात ठरलेली, आरतीसारखी एका सुरात म्हणायची. शब्द नवा असला पाहिजे. जमलं तर तात्यांचं "शाबास!" आणि ताटात रश्श्याच्या कटाची एक जादा पळी. नाही जमलं तर कोरडी भाकरी आणि मीठ समोर घेऊन, शब्द सुचेपर्यंत बसायचं. तात्या स्वतः मात्र रोज एकच शब्द सांगत, 'सिरेनिटी'. परम शांती. गुरूला सूट असते म्हणे. हा शांत पुरुष आमटीत मीठ कमी पडलं की वाटी आपटायचा, पण ते क्रियापद झालं, आणि क्रियापदं आमच्याकडं मोजत नव्हते.

तात्यांचा मुलगा विज्या तेव्हा कॉलेजात जात होता. चार ओळींचा अर्ज लिहिताना त्याला घाम फुटायचा, पण जेवायच्या आधी कोशाचं एखादं पान चोरून बघून तो शब्द बरोबर टाकायचा. मी त्याच्या वरताण. मला नुसता शब्द सांगून चैन पडायची नाही. 'मेलंकली' म्हणताना मी भिंतीला कपाळ टेकवायची, 'ड्राउझिनेस' म्हणताना डोळे अर्धे मिटून झोकांडी खायची. तात्या खूश होऊन म्हणायचे, "अभिनयासह! ह्याला म्हणायचं अवस्था!" मला कट दोन पळ्या. आजही माझ्या फोनवर रोज सकाळी कुणीतरी भाचा-पुतण्या 'आजचा इंग्रजी शब्द' म्हणून फुलांच्या चित्रावर काहीतरी पाठवतो, तेव्हा माझ्या जिभेवर आधी तिखट येतं. ते फूल मी तत्काळ पुसून टाकते.

आता सांगायचं ते राहूनच गेलं. ह्या पंगतीत आम्ही तिघं बसायचो. काकी बसायची नाही. काकी वाढायची. आणि वाढायची म्हणजे कशी, तर स्वयंपाकघर खाली आणि पंगत वर माडीवर. "खाली धूर आहे, धुरात विद्या टिकत नाही," हा तात्यांचा दुसरा सिद्धांत. मधे लाकडी जिना, सोळा पायऱ्या, शिडीपेक्षा जरा बरा. आमटी वर, भाकरी वर, कुणाला कांदा हवा तर पुन्हा खाली, गरम भाकरी पाहिजे तर पुन्हा खाली. आम्ही जेवून उठलो की काकी उरलंसुरलं घेऊन खाली चुलीपाशी एकटी जेवायची. तिला तिची अवस्था कुणी कधी विचारली नाही, कारण विचारायची ती ताटावर बसलेल्याला, आणि ती ताटावर कधी बसलीच नाही. मी तिथं असताना एका वर्षी त्या सोळा पायऱ्यांनी काकीला जवळजवळ नेलीच होती, आणि तीनशे अवस्था तोंडपाठ असलेलं एक घर भाकरी मोडत ते बघत बसलं होतं. बघणाऱ्यांत मी एक.

काकी चौथी शिकलेली, ठेंगणी, सावळी आणि जिभेची फटकळ. हसली की खांदे हलायचे. तिनं केलेल्या पांढऱ्या रश्श्याचा वास बोळाच्या तोंडापर्यंत जायचा आणि शेजारपाजारची माणसं उगीच साखर मागायला यायची. मी आलेल्या पहिल्याच दिवशी तिनं माझी पेटी उघडून बघितली, माझा फाटका परकर बाहेर काढला आणि म्हणाली, "हे इंग्रजी शिकायच्या आधी शिवाय लागंल." तो तिनं त्याच दिवशी शिवला. आमच्या बाजूला पोरीसुद्धा बोलताना 'मी जातो, मी खातो' म्हणतात. तात्यांना ते अडाणीपणाचं वाटायचं, काकीला नाही. "जाऊ दे की, खातीय न्हवं? मग कसं का म्हणंना," असं तिचं मत.

त्या वर्षी पाडवा झाला आणि काकीचा जिना हळू झाला. आधी ती सोळा पायऱ्या एका दमात यायची. आता आठव्या पायरीवर थांबू लागली. खालून पावलांचा आवाज यायचा, मधेच बंद व्हायचा, मग बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू. वर तात्या म्हणायचे, "अगं, आमटी निवली!" संध्याकाळी बोळाच्या कोपऱ्यावर शिरपा गवळी म्हैस बांधून समोर धार काढून द्यायचा. एकदा मी आणि काकी चरवी घेऊन गेलो. तेवढं चालूनही काकी कट्ट्यावर टेकली. शिरपाला म्हशीपलीकडचं जगातलं काही कळत नाही अशी त्याची ख्याती होती. त्यानं धार काढता काढता मान वळवली.

"वैनी, दम लई लागालाय की तुमास्नी."

"वय झालं, बाबा."

"कसलं वय? पायबी सुजल्यात. माज्या म्हशीला असं झालं असतं तर मी कवाच डाक्टर आणला असता."

काकी हसली. खांदे हलले आणि मग खोकलाच आला. "म्हैस दूध देती," ती म्हणाली.

हा माणूस अंगठेबहाद्दर होता. तांबडी रेघ सोडा, त्याच्याकडं पेन्सिलसुद्धा नव्हती. मी घरी येऊन हे तात्यांना सांगितलं का? नाही. 'म्हैस दूध देती' हे मला फार आवडलं, आणि शाळेत मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवली. मी कोणाच्या तालमीत तयार होत होते ते ह्यावरून कळावं.

दोन-चार दिवसांनी काकीनं मला चुलीपाशी बोलावलं. "सुमे, हिकडं ये. कामं करून करून अंगातलं सगळं गळून गेल्यागत हुतंय बघ. उठाय नको वाटतंय. त्याला ह्यांच्या बुकात काय म्हणत्यात?"

मला काय आनंद झाला! मी वर धावले, कोश उघडला, शोधला, खाली आले. "वेअरीनेस. द स्टेट ऑफ बीइंग वेअरी." तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. मला वाटलं, काकीला पण कटाची पळी पाहिजे! पळी तिच्याच हातात असायची, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या रात्री सगळ्यांचं सांगून झाल्यावर काकी दारात पळी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मीबी सांगू काय?" आणि सांगितला. तात्या मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "शाबास! बघा, घराला वळण असलं की चूलसुद्धा इंग्रजी बोलते!" विज्यानं टाळी वाजवली. काकी तिथंच उभी होती. तिला वाटलं असावं की ह्यापुढं कुणीतरी आणखी काही बोलेल. तात्या बोलले. "जरा खर्डा आण," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तिनं पाय दाखवले. पायावर बोट दाबलं की खळगा पडून तसाच राहायचा, आणि मला त्याची गंमत वाटली. मी 'पफिनेस' शोधून दिला. तोही तिनं सांगितला. शाबास. मग म्हणाली, आडवं पडलं की गुदमरतंय, भिंतीला टेकून बसून रात काढतो. मी 'स्लीपलेसनेस' दिला. पुन्हा शाबास, आणि ह्या वेळी तात्यांनी उदार होऊन असंही सांगितलं की शेवटच्या भागाचा उच्चार जरा लांबवावा. एवढं अचूक निदान त्या माडीवर होत होतं, रोज, दोन भाकऱ्यांच्या मधे, आणि आम्ही त्याला मार्क देत होतो. पुढं कितीतरी विद्वान माणसं मला भेटली. त्यांना बघून मी आधी मनात म्हणते, ह्यांच्या घरात जिना कोण चढतं ते बघायला पाहिजे.

तात्यांना आता ही गोष्ट घरात मावेना. चौथी शिकलेली बायको अवस्था सांगते, ह्याचं प्रदर्शन झालंच पाहिजे. त्यांनी रविवारी दुपारी आपल्या शाळेच्या हेडमास्तरांना जेवायला बोलावलं. हेडमास्तर पांढऱ्या पॅंटीत, पांढऱ्या बुशशर्टात आले. बोलताना डोळे मिटायचे, स्वतःचं बोलणं आतून ऐकत असल्यासारखे. सकाळपासून काकी मटणाशी झुंजत होती. मसाला वाटायला मी बसले, पण तिखटानं डोळे झोंबले म्हणून उठले, मग तिनंच वाटला. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, भात. सगळं एकेक करून वर. मी भाकरीची टोपली नेली आणि फार काम केल्यासारखी बसून राहिले. तिच्या किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही.

ताटं वाढून झाली. आमचे शब्द झाले. मी 'रॅप्चर', म्हणजे हर्षोन्माद, सांगताना दोन्ही हात आढ्याकडं नेले, हेडमास्तरांनी डोळे मिटून दाद दिली. मग तात्या घसा खाकरून म्हणाले, "आणि आता सर, आमच्या घरातलं खरं आश्चर्य. अगं, ये गं वर!"

काकी तांबड्या रश्श्याचं पातेलं घेऊन आली. शेवटच्या पायरीवर तिनं चौकट धरली. ओठ जांभळे झाले होते. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि ती श्वास घ्यायची तेव्हा गळ्याशी खळगा पडायचा.

"सांग सरांना. आज कोणती?"

"ब्रेथ..." ती म्हणाली. थांबली. "ब्रेथलेस... नेस."

"वाहवा!" हेडमास्तरांनी डोळे उघडले. "आणि अभिनय बघा! हुबेहूब! धाप लागल्यासारखीच!"

तात्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी वाजवल्या. विज्यानं वाजवल्या. "अर्थ, अर्थ?" तात्या म्हणाले. काकीनं तोंड उघडलं, आवाज आला नाही. तिची नजर माझ्याकडं वळली. आणि मी, तिची लाडकी सुमी, नाटकात आडून वाक्य पुरवतात तशी पुढं वाकून हळूच म्हणाले, "द स्टेट ऑफ बीइंग... काकी, आउट ऑफ ब्रेथ..."

पातेलं कललं. रस्सा हेडमास्तरांच्या पांढऱ्या पॅंटीवरून सतरंजीवर पसरला. हेडमास्तर किंचाळून उभे राहिले. काकी चौकटीला धरूनच हळूहळू खाली बसली आणि त्या पसरलेल्या रश्श्याकडं नुसती बघत राहिली. तेव्हा मला कळलं. एवढंसं पीठ सांडलं तरी बोटांनी टिपणारी बाई, तिनं पदर पुढं केला नाही. "काकी पुसंना झालीय," मी ओरडले. बाकी कुणाला त्यात ओरडण्यासारखं काय ते समजलं नाही, पण विज्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ताट ओलांडून रिक्षा आणायला पळाला.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, बोलण्यावरून बिद्रीच्या बाजूचे. काकीला उशांना टेकवून बसवलं, नाकाला नळी लावली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, पायावर बोट दाबलं आणि वर न बघताच विचारलं, "काय होतंय हिला?"

तात्या सरसावले. घरातून निघताना त्यांनी काकीची शाल घेतली नव्हती, पाण्याचा तांब्या घेतला नव्हता. प्रदर्शनासाठी शेजारी ठेवलेला कोश मात्र काखेत होता. "डॉक्टर, शी इज इन अ स्टेट ऑफ एक्झॉशन," ते म्हणाले.

"मास्तर, मराठीत. कधीपासनं दम लागतोय?"

तात्यांनी विज्याकडं बघितलं. विज्यानं माझ्याकडं बघितलं.

"पायाला सूज किती दिवस आहे?"

तात्यांनी कोश ह्या काखेतून त्या काखेत घेतला.

"झोपताना उशा किती घेते?"

बावीस वर्षांचा संसार, आणि हा गृहस्थ बायकोच्या उशा सांगू शकला नाही. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "घरात राहता न्हवं तुम्ही? हृदयाची झडप आवळलीय हिची. पाणी छातीपर्यंत चढलंय. हे आजचं नाही, महिन्यांचं आहे. बाईंनी कुणाला काहीच सांगितलं नाही?"

काकीनं नळी जरा बाजूला केली. एकेक शब्द श्वासाच्या मधे ठेवत ती म्हणाली, "सांगितलं की. चारदा सांगितलं. तीनदा शाबास म्हणाले, चौथ्यांदा टाळ्या वाजवल्या."

डॉक्टर आमच्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली, कारण मी रडत होते. "तुला माहीत होतं?"

"शब्द माहीत होता," मी म्हणाले.

ह्यावर ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भराभर एक चिठ्ठी लिहिली आणि तात्यांकडं दिली. "हे इंजेक्शन इथलं संपलंय. दारासमोर दुकान आहे, पळत जा. वेळ लावू नका." तात्या पळाले. तात्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. गुडघे बाहेर, चप्पल एकच, आणि डोळ्यांत खरोखरची भीती. ते दारातून दिसेनासे झाले, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की चिठ्ठी खाटेवरच पडली आहे. हातातलं काहीतरी खाली ठेवायचं म्हणून त्यांनी ती ठेवली होती आणि कोश घेऊन गेले होते.

काकीनं चिठ्ठीकडं बघितलं. मग दाराकडं. तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण ती हसत होती. चिठ्ठी उचलून तिनं माझ्या हातात दिली.

"सुमे, तू जा. आणि हे बघ, दुकानात काय पायजे ते नीट माग. शब्द सांगून उभी राहू नगंस."

मी धावले. रस्त्यापलीकडं तात्या दुकानाच्या फळीपाशी काखेतला कोश कुरवाळत उभे होते आणि दुकानदार त्यांना "काय देऊ? काय देऊ, पावणं?" म्हणून विचारत होता. मी मधे घुसले, चिठ्ठी पुढं केली, इंजेक्शन घेतलं, आणि तात्यांना तिथंच सोडून परत पळाले.

काकी वाचली. झडपेचं ऑपरेशन पुढं झालं, चूल माडीवर गेली, आणि ती त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. त्यांतली बरीचशी तिनं तात्यांना टोमणे मारण्यात घालवली, पाहुण्यांसमोर, गवळ्यासमोर, नातवंडांसमोर, आणि म्हातारे तात्या मान खाली घालून ऐकत. त्यांना पुष्कळ शिक्षा झाली असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. माझं नव्हतं.